भेंडीचे टोक

तक्ता म्हटला की आपण मराठी माणसे त्याच्यापुढे निमूटपणे मान तुकवतो. ह्या भक्तीचे मूळ बहुधा लहानपणात असावे. भिंतीवर टांगलेल्या पाढ्यांच्या तक्त्याने आपल्याला कधी फसवलेले नसते. बारा साते चौऱ्याऐंशी म्हणजे चौऱ्याऐंशीच. मास्तर बदलले तरी त्यात फरक पडत नाही. पुढे एस. टी.चे वेळापत्रक भेटते. ते वरचेवर खोटे ठरते. पण तेव्हाही आपण दोष गाडीला देतो, वेळापत्रकाला नव्हे! आणि लग्नाचे वय झाले की पंचांगातला गुणमेलनाचा तक्ता सबंध घराचा ताबा घेतो. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशिकूट आणि नाडी अशा आठ ओळी. वर्णाला एक गुण, नाडीला आठ, बेरीज छत्तीस. त्यातले अठरा जुळले की वडील मंडळी हुश्श करतात.

माझ्या लग्नात सव्वीस गुण जुळले होते. तक्त्यात खोट काहीच नव्हती. पण मुलगा रात्री घोरतो की नाही, आणि सकाळचा पहिला चहा कोणी करायचा, ह्या दोन गोष्टींना त्या छत्तीसांत अर्धासुद्धा गुण ठेवलेला नव्हता. संसार मात्र बराचसा ह्या दोन ओळींवरच चालतो, हे मला पुढे समजले. तक्ता खोटे बोलत नाही. तो फक्त आपल्याला विचारायचे असते ते विचारत नाही.

हे सांगायचे कारण, गेली काही वर्षे मी पोटासाठी तक्तेच करते आहे. घरगुती वस्तू विकणारे एक ऑनलाइन दुकान आहे. त्यात मिक्सर, पंखे, कुकर, फ्रीज अशा वस्तू शेजारी शेजारी मांडून 'हा घ्यावा की तो घ्यावा' हे दाखवणारी जी कोष्टके असतात, ती तयार करणे हे माझे काम. लग्नाकार्यात कुणी विचारले, की आमच्या घरचे गृहस्थ माझ्या आधीच सांगून टाकतात, "ही मिक्सरांच्या पत्रिका जुळवते." लोक हसतात. मीही हसते. पण हे विनोदाने म्हटले असले तरी त्यात तथ्य आहे. ज्योतिषाने एक ओळ गाळली तर एखाद्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न येतो. मी एक ओळ गाळली तर कुणाच्या तरी पेन्शनमधले चार-पाच हजार रुपये वाया जातात. ज्याचे पेन्शन थोडे, त्याच्या दृष्टीने दोन्हींत फारसे अंतर नाही.

आमच्या सासूबाई मंडईत जातात तेव्हा त्यांच्याबरोबर जाण्यासारखे आहे. भेंडी घ्यायची झाली की त्या ढिगातली एक उचलतात आणि अंगठ्याने तिचे टोक मोडून पाहतात. कटकन मोडले तर भेंडी कोवळी. नुसते वाकले तर जून. नारळ कानाशी धरून हलवतात. खरबुजाचा देठाकडून वास घेतात. भाजीवाला कुरकुरतो, "आजी, सगळ्यांची टोकं मोडली तर विकू काय?" पण तो त्यांना अडवत नाही. कारण ही परीक्षा न्याय्य आहे हे त्यालाही ठाऊक असते.

आता मोबाइलच्या पडद्यावर कशाचे टोक मोडणार? तिथे प्रत्येक वस्तू बोहल्यावरच्या नवरीसारखी नटूनथटून उभी असते. जड की हलकी, झाकण घट्ट की सैल, आवाज मंजुळ की कर्कश, काही म्हणजे काही कळायची सोय नाही. तेव्हा गिऱ्हाइकाच्या वतीने भेंडीचे टोक मोडून पाहणे हे तक्त्याचे काम आहे, अशी माझी आपली समजूत. ती सगळ्यांची समजूत नसते, हे मात्र मला पहिल्या आठवड्यातच कळले.

एका अक्षराचेही खोटे न लिहिता तक्ता खोटा कसा करावा, ह्याचे एक शास्त्र आहे. मला ते आमच्याकडच्या एका अनुभवी गृहस्थांनी शिकवले. गृहस्थ सज्जन, गुरुवारचा उपास करणारे. त्यांनी चहा पिता पिता पाच युक्त्या सांगितल्या. पहिली अशी, की ज्या ओळींत आपला माल जिंकतो तेवढ्याच ओळी घ्याव्यात. दुसरी अशी, की शेजार नीट निवडावा. आपल्याला खपवायच्या वस्तूशेजारी तिच्याएवढ्याच किमतीची, पण उघड उघड डावी अशी एक वस्तू बसवावी. ती कुणी घ्यावी म्हणून नसतेच; तिच्यामुळे शेजारीण उजळ दिसते. काळ्यासावळ्या मैत्रिणीला बरोबर घेऊन फोटो काढणाऱ्या मुली आमच्या कॉलेजात होत्या, त्यातलाच प्रकार!

तिसरी युक्ती हिरव्या खुणांची. आकड्याऐवजी हिरवी खूण आणि तांबडी फुली वापरली की फरक किती आहे हे सांगावे लागत नाही. दोन वर्षांच्या हमीलाही हिरवी खूण आणि पाच वर्षांच्या हमीलाही हिरवी खूण. दोघे सारखेच पास! चौथी युक्ती मला सर्वांत भयंकर वाटते. दुसऱ्याच्या मालाची एखादी माहिती मिळाली नाही, की त्या घरात सरळ तांबडी फुली मारायची. 'आम्हाला ठाऊक नाही' आणि 'त्यात ते नाही' ह्या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण फुली दोघांची सारखीच दिसते. आणि पाचवी म्हणजे मापे बदलायची. एकाचे लिटर एकूण घनफळाचे द्यायचे आणि दुसऱ्याचे प्रत्यक्ष साठवणुकीचे. दोन्ही आकडे खरे. तक्ता मात्र खोटा.

मी विचारले, "आणि गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं तर?"

गृहस्थ म्हणाले, "बाई, गिऱ्हाईक तक्ता वाचत नाही. गिऱ्हाईक तक्ता आहे एवढंच पाहतं."

ह्या वाक्याने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही; कारण ते खरे होते. पाढ्यांच्या तक्त्याने दिलेला सगळा विश्वास आम्ही आयता वापरणार होतो.

आता प्रामाणिक तक्ता म्हणजे तरी काय? पुष्कळांना वाटते, की सगळी माहिती देऊन टाकली म्हणजे झाला प्रामाणिकपणा. तसे नाही. साठ ओळींचा तक्ता हाही एक लपवाछपवीचाच प्रकार आहे. तांदळात खडा लपतो तशी त्यात कामाची ओळ लपते. माझ्या मते आधी प्रश्न ठरवावा आणि मग ओळ. वस्तू घरात आल्यावर माणसाला कोणता प्रश्न पडेल, त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एक ओळ.

साधा छताचा पंखा घ्या. नेहमीचा, १२०० मिलिमीटरच्या फेऱ्याचा. जाहिरातीत त्याचा रंग असतो, पात्यांवरची नक्षी असते, मिनिटाला किती फेरे घेतो हेही असते. पण उकाड्याने जीव कासावीस झाला असता आपल्याला फेरे नको असतात, वारा हवा असतो. पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलतो हा आकडा उत्पादकाजवळ असतो. तो तक्त्यात पहिला यायला हवा. दुसरा आकडा विजेचा. जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. नव्या ब्रशविरहित मोटारीचा सुमारे ३० वॅटमध्ये भागवतो. पण नुसते '४५ वॅटची बचत' असे लिहिले तर ते कोणाच्या डोक्यात शिरणार? रोज बारा तास, वर्षातले तीनशे दिवस पंखा चालला तर १६२ युनिटे वाचतात, असे लिहिले की गृहिणी लगेच विजेचे बिल काढते आणि स्वतःच्या दराने गुणाकार करते. तोच गुणाकार ज्या खोलीत पंखा दिवसाला तासभर लागतो तिथे केला, तर महागडा पंखा घेण्यात फारसा अर्थ नाही हेही तिला कळते. तक्त्याने दोन्ही कळू द्यावे.

फ्रीजची गोष्ट आणखी गमतीची. सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००६ साली विजेच्या उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी लावायला सुरुवात केली. योजना उत्तम. पण लोकांचा समज असा, की पाच ताऱ्यांचा फ्रीज कमी वीज खातो आणि तीन ताऱ्यांचा जास्त. तारे हे त्या त्या प्रकारातल्या आणि त्या त्या आकाराच्या फ्रीजच्या मानाने दिलेले असतात. म्हणजे पहिलीतल्या मुलाचा पहिला नंबर आणि मॅट्रिकच्या मुलाचा तिसरा, असा हिशेब. भला मोठा पाच ताऱ्यांचा फ्रीज लहानशा तीन ताऱ्यांच्या फ्रीजपेक्षा वर्षाला जास्त युनिटे खाऊ शकतो. त्याच चिठ्ठीवर वर्षाची युनिटे छापलेली असतात. पण तारे चमकतात आणि आकडे चमकत नाहीत, त्याला काय करणार! शिवाय ताऱ्यांना वय असते. खोली थंड करणाऱ्या यंत्रांची मोजपट्टी १ जुलै २०२२ पासून कडक झाली, तेव्हा कालचे पाच तारे आज चार ठरले. म्हणून माझ्या तक्त्याच्या खाली मी नेहमी तारीख घालते. तारीख नसलेला तक्ता म्हणजे गेल्या वर्षीचे पंचांग.

कुकरच्या लिटरांची तर सासूबाईंनीच एकदा उलटतपासणी घेतली. "पाच लिटरचा म्हणतेस, पण मग त्यात पाच लिटर शिजत का नाही?" प्रश्न बिनतोड होता. कुकरचे लिटर म्हणजे त्याचे सगळे पोट. पण तो दोन-तृतीयांशांपेक्षा जास्त भरू नये, आणि डाळ-तांदूळ ह्यांसारखे फुगणारे, फेसाळणारे जिन्नस असले तर निम्म्यावरच थांबावे, असे सूचनापुस्तिकेतच लिहिलेले असते. म्हणजे वरणाच्या दृष्टीने पाच लिटरचा कुकर अडीच लिटरचाच. मी कुकरच्या तक्त्यात 'लिटर' ह्या ओळीखाली आणखी एक ओळ घातली, 'वरण किती लिटर शिजेल'. त्या ओळीवर आमच्या कचेरीत पोट धरधरून हसले लोक. पण गिऱ्हाइकांच्या पत्रांत सर्वांत जास्त आभार त्या ओळीचे आले.

मिक्सरचे वॅटही असेच. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते ते. ओले खोबरे किती बारीक वाटते ते नव्हे. खादाड माणूस कामसू असतोच असे नाही! मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे असे छापलेले असते. पण ते बहुधा भांडे रिकामे असतानाचे. चिंचगुळाची चटणी घातली की फेरे कुठे जातात ते भांड्यालाच ठाऊक. त्याऐवजी सलग किती मिनिटे चालवावा आणि मध्ये किती थांबावे, मोठे भांडे भरल्यावर एका हाताने उचलते का, झाकणाची रबरी कडी बाजारात सुटी मिळते का, ह्या ओळी मी घालते. ह्या ओळी उत्पादकाच्या पत्रकात नसतात. त्या ओट्याशी उभे राहिल्यावर सुचतात.

मिक्सरवरून ती भांडणाची गोष्ट आठवली, तीही सांगून टाकते.

तीनेक वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्या दुकानाने स्वतःच्या नावाचा मिक्सर काढला. घरचेच कार्य! कचेरीत पेढे वाटले. माल वाईट नव्हता. मोटार ठीक होती, किंमत कमी होती, रंगही झकास. साहेबांनी मला सांगितले, की पाच मिक्सरांचा तक्ता करा आणि आपला पहिल्या रकान्यात ठेवा. माझी काही हरकत नव्हती. यजमानाने आपल्या घरी पहिल्या पाटावर बसायला कोण नाही म्हणेल? ओळीही त्यांनीच दिल्या होत्या: किंमत, वॅट, भांडी किती, रंग किती, हमी किती वर्षे. पाचांपैकी चार ओळींत आपला मिक्सर जिंकत होता.

मी सहावी ओळ घातली. 'बिघडल्यास दुरुस्ती कुठे?' बाकीच्या चौघांचे दुरुस्तीवाले बहुतेक जिल्ह्यांच्या गावी होते. आमचा मिक्सर नवा. त्याला चार मोठी शहरे सोडली तर कुठेच दुरुस्ती नव्हती. खोक्यात बांधून कुरियरने पाठवायचा आणि वाट पाहायची.

साहेबांनी बोलावून घेतले. "ही ओळ कुणी मागितली होती?"

"कुणी मागितली नाही, साहेब. पण मिक्सर बंद पडला की पहिला प्रश्न हाच."

"तो बिघडल्यानंतरचा प्रश्न झाला. हा तक्ता घेण्याआधीचा आहे."

"घेण्याआधी विचारला नाही, म्हणूनच तो नंतर विचारावा लागतो."

साहेब दुष्ट नव्हते. ह्या बाबतीत मला त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. गोदामात खोकी छतापर्यंत रचलेली होती. ती दिवाळीत खपली नाहीत तर कुणाकुणाचा बोनस बुडणार हे त्यांना नावानिशी माहीत होते. त्यात माझेही नाव होते. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "आपण खोटं काहीच लिहीत नाही. फक्त एक गोष्ट सांगत नाही. दुकानदार नेहमी असंच करतो."

मी म्हटले, "आमच्या गल्लीतला वाणी असं करत नाही. तो म्हणतो, वहिनी, ही डाळ आज नका नेऊ, दोन दिवसांनी नवी येईल."

"त्याला तुमचं तोंड रोज पाहायचं असतं," साहेब म्हणाले. "आपलं गिऱ्हाईक आपल्याला कधी दिसत नाही."

हे मात्र त्यांनी लाख रुपयांचे सांगितले. सगळे कोडे त्यातच आहे. समोरासमोरच्या व्यवहारात लाज नावाचा एक फुकटचा तपासनीस बसलेला असतो. पडद्याच्या दुकानात त्याची जागा रिकामी असते. ती कुणी भरायची? मी म्हटले, "ओळ काढायची असेल तर तक्ता दुसऱ्या कुणाकडून करून घ्या." बोलून गेले आणि मग जिना उतरताना घराच्या कर्जाचा हप्ता आठवला. मुलगा बारावीत होता. तत्त्व आणि हप्ता ह्यांचा तक्ता मांडला तर किंमत ह्या ओळीत हप्ता सहज जिंकतो.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितले. आमच्या घरचे गृहस्थ काही बोलले नाहीत. ते मनातल्या मनात बेरजा करत होते हे त्यांच्या घास घेण्यावरून कळत होते. सासूबाईंनी ताक ओतता ओतता विचारले, "हा मिक्सर तू आपल्या चिपळूणच्या वन्संना दिवाळसणात देशील का?"

"नाही, आई. तिथे बिघडला तर त्यांनी काय करायचं?"

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि ताकाचे भांडे झाकून आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक तोड काढली. ओळ राहू दे, पण ती तळाशी, 'आणखी पाहा' ह्या बटणाच्या आड. मी म्हटले, सतरंजीखाली केर सारला म्हणून घर झाडले असे होत नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी असे ठरले, की ओळ राहील आणि वर, तिसऱ्या जागी राहील. आमचा मिक्सर पहिल्या रकान्यात बसेल; पण त्याच्या डोक्यावर 'हा माल आमच्याच दुकानाचा आहे' असे स्वच्छ लिहिलेले असेल. "दोन महिन्यांनी पाहू," साहेब म्हणाले. त्या 'पाहू'मध्ये काय काय होते ते नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको.

दिवाळीत आमचा मिक्सर खपला, पण योजला होता तेवढा नाही. बोनस मिळाला, पण तोही योजला होता तेवढा नाही. कचेरीत काही माणसे माझ्याशी बोलताना मोबाइलकडे पाहू लागली. एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. 'आपला तक्ता वाचून आपला मिक्सर घेतला नाही. आमच्या गावी दुरुस्तीची सोय असलेला दुसरा घेतला. आभारी आहे.' मी मोठ्या अभिमानाने ते साहेबांना दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "ठीक. आता ह्या आभाराचं बिल कुणाच्या नावे फाडू?"

पुढे जानेवारीत परत आलेल्या मालाचा हिशेब झाला. ऑनलाइन दुकानाचे खरे दुखणे तेच असते. परत आलेल्या वस्तूचे जायचे भाडे गेले, यायचे भाडे गेले, आणि फोडलेले खोके पुन्हा नवे म्हणून विकता येत नाही. आमच्या इतर काही वस्तूंच्या मानाने हा मिक्सर, विशेषतः लहान गावांतून, फार थोडा परत आला होता. ज्यांनी घेतला त्यांनी समजून घेतला होता. साहेबांनी मला शाबासकी दिली नाही. त्यांनी फक्त एक चिठ्ठी फिरवली, की ह्यापुढे सगळ्या तक्त्यांत दुरुस्तीची ओळ घालावी. सत्याचा विजय वगैरे मी ह्याला म्हणणार नाही. भाड्याचा विजय म्हणावे हवे तर! माझी त्या वर्षीची पगारवाढ बेताचीच होती. पण ती ओळ आजही तिथे आहे.

कायदाही हळूहळू ह्याच वाटेने येतो आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापाराचे नियम निघाले. पडद्यावर कुठला माल वर आणि कुठला खाली हे कशावरून ठरवता, ते सोप्या भाषेत सांगा, असे ते नियम बाजार भरवणाऱ्या संकेतस्थळांना बजावतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावे घेऊन सांगितले. 'दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू, बातमीचा वेष घेतलेली जाहिरात, हे सगळे त्यात आहे. फार चांगले झाले. पण तक्त्यात अमुक ओळ घातलीच पाहिजे असे कुठला कायदा सांगणार? ओळ न घालणे हा गुन्हा नव्हे. तिथे करणाऱ्याच्या मनाचाच पहारा लागतो.

असा पहारा ठेवणारी माणसे ह्यापूर्वी होऊन गेली आहेत, ह्याचा मला मोठा आधार वाटतो. अमेरिकेत १९३६ साली ग्राहकांची एक संघटना निघाली. ती आपल्या मासिकासाठी वस्तू उत्पादकाकडून फुकट मागत नाही. साध्या गिऱ्हाइकासारखी दुकानात जाऊन विकत घेते, प्रयोगशाळेत तपासते आणि मग तक्ता छापते. मासिकात दुसऱ्याच्या मालाची जाहिरात घेत नाही. आपल्या मुंबईतही १९६६ साली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी निघाली, ती गृहिणींच्या पुढाकाराने. तिने भेसळ कशी ओळखावी हे लोकांना दाखवले आणि 'कीमत' नावाचे मासिक चालवले. पुढे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आली. तिने शेजारपाजारच्या कुटुंबांना एकत्र करून महिन्याचा किराणा आणण्याची रीत घालून दिली. ह्या बायाबापड्यांना संगणक ठाऊक नव्हता. पण सासूबाईंचा अंगठा त्यांच्यापाशी होता.

मी काही त्यांच्या पंक्तीला बसत नाही. माझा पगार दुकान देते, आणि दुकान माल विकून तो देते. प्रयोगशाळा माझ्यापाशी नाही. आहे ती उत्पादकांची पत्रके, चिठ्ठ्यांवरचे आकडे आणि गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी. म्हणून मी काही साध्या गोष्टी पाळते. प्रत्येक आकड्याचे माप सगळ्या रकान्यांत एकच ठेवते. आकडा उत्पादकाने सांगितला असेल तर 'उत्पादकाच्या म्हणण्याप्रमाणे' असे लिहिते. छापील किमतीवर काट मारून सवलतीचा गाजावाजा करत नाही. आज खिशातून किती जाणार एवढेच देते. जे घर रिकामे आहे तिथे फुली न मारता 'माहिती मिळाली नाही' असे लिहिते. हे तीन शब्द लिहायला सर्वांत जड जातात. तक्ता करणाऱ्याला सर्वज्ञ दिसायची हौस असते आणि रिकामे घर त्या हौसेवर पाणी ओतते. पण माझा अनुभव असा, की एक रिकामे घर प्रामाणिकपणे रिकामे ठेवले की भरलेल्या वीस घरांवर माणसाचा विश्वास बसतो.

आणि सगळ्यांत शेवटची ओळ मी अशी घालते: 'हा कुणी घेऊ नये?' प्रत्येक वस्तूखाली दोन वाक्ये. दोन माणसांच्या घरी हा कुकर मोठा पडेल. रोज इडलीचे पीठ वाटणाऱ्यांनी हा मिक्सर घेऊ नये. विकणाऱ्याच्या तोंडून 'घेऊ नका' ऐकले की माणूस प्रथम दचकतो, मग खुर्ची पुढे ओढून नीट वाचू लागतो. त्या अनुभवी गृहस्थांनी सांगितले होते, की गिऱ्हाईक तक्ता वाचत नाही. वाचते, अगदी चवीने वाचते. त्याच्यासाठी लिहिलेला असला म्हणजे.

आता दिवाळी आली आहे. घरोघरी पडद्यावर बोटे फिरू लागली असतील. फराळ करता करता कुणी नवा मिक्सर पाहत असेल, कुणी आईसाठी फ्रीज. वाचकहो, तुम्हाला माझी एकच विनंती आहे. कुठलाही तक्ता पुढे आला, अगदी माझा आला, तरी त्यातल्या हिरव्या खुणा मोजण्याआधी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, की ही वस्तू सहा महिन्यांनी सकाळी सात वाजता, पाहुणे आलेले असताना, बंद पडली तर मला पहिला प्रश्न कोणता पडेल? मग त्या प्रश्नाची ओळ तक्त्यात शोधा. सापडली तर तो करणाऱ्या माणसाने तुमचा विचार केला आहे असे समजा. नाही सापडली, तर दुकानाला खुशाल एक पत्र टाका. अशी पत्रे टेबलावर आली म्हणजे आमच्यासारख्यांना साहेबांशी भांडायला मोठा धीर येतो.